बिल्ड लाल झाला ती दुपार

शांती नगरात, दुकानांच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मी तिथे बिल्ड सांभाळायचे. म्हणजे सगळ्यांनी लिहिलेला कोड एकत्र बांधून त्याचं चालतं सॉफ्टवेअर करायचं आणि ते नीट बांधलं गेलं की नाही हे सगळ्यांना कळवायचं. त्यासाठी भिंतीवर मोठा टीव्ही होता. जमलं तर हिरवा, अडलं तर लाल. लाल पट्टीखाली शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव यायचं. नाव लावायचा हुकूम मालकांचा. शेवटचा बदल करणाराच चुकलेला असतो असं नाही, असं मी त्यांना म्हटलं होतं. त्यावर त्यांनी हातातली स्टीलची बाटली माझ्या डोक्यावरून भिंतीवर फेकून मारली होती.

मालक मारायचे. एसी ऑफिसात, शर्ट इन केलेल्या माणसांना कोणी मारतं हे बाहेर कोणाला खरं वाटत नाही. नाव लाल झालं की ते मागून येऊन मानेवर फटका द्यायचे, कान पिरगळायचे आणि वर मस्करी चालल्यासारखे हसायचे. एकाच्या बोटांवर त्यांनी लॅपटॉपचं झाकण आपटलं होतं. तो दुसऱ्या दिवशी बोटांना पट्टी बांधून कामावर आला.

माझ्या शेजारी मुर्धा गावाहून येणारा एक सहकारी बसायचा. घरच्यांशी फोनवर त्यांच्या बोलीत हळू बोलणारा, आमच्यात जेमतेम बोलणारा माणूस. त्या दुपारी डबे आवरून झाल्यावर त्याने सगळ्यांच्या वापरातल्या एका फाइलमधली टीप सुधारली. टीप म्हणजे माणसांनी वाचायची ओळ, तिने काही बिघडत नाही. पण फाइल बदलली म्हणून तिच्यावर अवलंबून असलेले सगळे भाग नव्याने बांधायला निघाले, आणि टीव्ही लाल झाला. खाली त्याचं नाव.

कोणता भाग पुन्हा बांधला आणि का, हे माझ्या स्क्रीनवर दिसायचं. मी ते वाचायला घेतलं. लॉगिनचा भाग अडला होता, आणि तो अडवणारा बदल आदल्या दिवशी मालकांनी स्वतः केला होता. त्या बदलाचा लॉगिनशी संबंध आहे हे यंत्रणेत नोंदवलेलं नव्हतं, त्यामुळे तेव्हा तो भाग पुन्हा बांधलाच गेला नव्हता, जुनाच वापरात राहिला, म्हणून टीव्ही हिरवा दिसत होता. आज सगळंच नव्याने बांधलं गेलं आणि मालकांची चूक याच्या नावावर आली.

मी हे सांगायला उठेपर्यंत मालक केबिनमधून बाहेर आले होते. त्यांनी त्याचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. कीबोर्डवर रक्त पडलं. दुसऱ्यांदा आपटायला मान उचलली तेव्हा तो वळला आणि त्याने खुर्ची उचलली. मी मध्ये गेले. का गेले ते मला आजही कळत नाही. खुर्चीचा हात माझ्या जबड्यावर बसला, मी खाली पडले, आणि पुढचा घाव मालकांच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला जमिनीवरून ऐकू आला. मग कोणीतरी टीव्हीवर धडकलं आणि तो खाली येऊन फुटला. बाकीच्यांनी दोघांना धरलं तरी मालक लाथा झाडत होते.

माझं तोंड रक्ताने भरलं होतं. ते थुंकून मी म्हटलं, "सर, बदल तुमचा होता. त्याचा नव्हता."

मालकांनी नाकावरचा हात काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि धरणाऱ्याला झटकून माझ्या तोंडात मारली. दुखऱ्या बाजूलाच.

चौकीवर हवालदारांनी भांडण कशावरून झालं ते विचारलं. मी म्हटलं, बिल्ड फुटला होता. काय फुटलं, काच का, असं त्यांनी विचारलं. मी समजावत राहिले, ते टीव्हीची किंमत विचारत राहिले. शेवटी त्यांनी पेन ठेवलं. "मॅडम, मशीन सोडा. पहिला हात कोणी उचलला ते सांगा."

ते मला सांगता येत होतं. मी सांगितलं. बोटांना पट्टी बांधून आलेल्यानेही मग आपली बोटं पुढे केली.

सहकाऱ्याचे वडील मुर्ध्याहून आले. मुलाचा फुटलेला ओठ त्यांनी पाहिला. माझ्याशेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "जास्ती लागला न्हाय ना, बाय?" खुर्ची त्यांच्याच मुलाने मारली होती हे त्यांना माहीत होतं. मी नाही म्हणून मान हलवली.

केस मालकांवर आणि सहकाऱ्यावर, दोघांवरही झाली, पुढे वकिलांनी तडजोड केली. सहकाऱ्याने आणि मी, दोघांनीही नोकरी सोडली. ऑफिस चालूच राहिलं. मी आता दुसऱ्या कंपनीत हेच काम करते. तिथे बिल्ड अडला की कोणता भाग का पुन्हा बांधला ते सगळ्यांना दिसतं, नाव कोणाचंच येत नाही.

मागे एकदा स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत मालक दिसले. नाक वाकडं झालंय. ते पाहून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं नाही.