ताईची तहान

चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्यात माझी थोरली बहीण सुमाताई सगळ्यांत मागे, दाराजवळ बसली होती. तिचे ओठ सुकलेले दिसले, म्हणून मी पाणी नेऊन दिलं. तिनं पेला नुसता हातात धरला.

"नको गं. प्यायलं की लगेच जावं लागतं. दोन महिने झाले, तासातासाला चाललंय."

"आणि तहान?"

"ती भागतच नाही. वयाचं असेल. असलं काय डॉक्टरांना सांगायचं?"

गुडघा दुखला तर आपण चारचौघांत सांगतो; लघवीचं मात्र सख्ख्या बहिणीलाही, तिनं विचारल्याशिवाय सांगत नाही. शरीर बिचारं सांगत राहतं, आपण त्याला गप्प करत राहतो.

दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. जळजळ होते का, रक्त दिसलं का, वजन उतरलंय का, डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं. तपासणीत साखर खूप वाढलेली निघाली.

"पाणी पिणं कमी करू नका," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात."

औषधं सुरू झाली, लघवीच्या खेपा कमी झाल्या. परवा ताईचा फोन आला. शेजारच्या काकूंना घेऊन ती त्याच दवाखान्यात बसली होती.

"त्या लाजत होत्या गं," ती म्हणाली, "मग मी आधी माझं सांगितलं."