म्हाताऱ्या कुत्र्याचे दूध

पोलादपूरहून महाबळेश्वरच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वाडी. मी जवळच्या शाळेत शिक्षक होतो. वडील मुंबईच्या गिरणीतून निवृत्त होऊन घरी आले, त्याच वर्षी त्यांनी एक पिल्लू पाळले. सत्तरचे दशक संपता संपता दोघेही म्हातारे झाले.

आमच्याकडे दात गेलेल्या माणसाला दूधभात देतात. वडिलांना तो मिळे. ताटातला शेवटचा घास ते कुत्र्यासाठी ठेवीत. पुढे कुत्र्याचे पोट बिघडले. अन्न ठरेना, पोट गुडगुडे, बरगड्या दिसू लागल्या. अशक्त म्हाताऱ्याला आणखी दूध हवे, हे आम्हाला उघडच वाटले. शेजारच्या म्हशीचे पावशेर दूध मीच त्याच्यासाठी लावले. तो आणखी खंगला.

अखेर एका रविवारी मी त्याला पोलादपूरच्या गुरांच्या दवाखान्यात चालवत नेले. वाटेत तो चार वेळा बसला.

डॉक्टर हसले. "मास्तर, इथे बैल येतात. कुत्र्यासाठी आलेले तुम्ही पहिलेच." मग त्यांनी त्याचे पोट चाचपले आणि खाण्याविषयी विचारले. दुधाचे ऐकताच ते गंभीर झाले.

"ते आजच बंद करा. आईचे दूध सुटले की पुष्कळ कुत्र्यांना दूध पचेनासे होते. हाडे नकोत, सुकटही नको. बिनमिठाचा मऊ भात, त्यात उकडलेले अंडे कुस्करून. थोडे थोडे, दिवसातून तीनदा. वय झाले आहे त्याचे, एका वेळी पोटभर सोसणार नाही."

घरी येऊन मी हे सांगितले. वडील म्हणाले, "जन्मभर खाल्लान ते आता इख झालं व्हय? डाक्तर तुझ्याएवढाच शिकलेला दिसतोय."

दोन दिवसांनी पडवीत आलो, तर ते ताट त्याच्यापुढे सरकवत होते. कुत्रा दूधभात चाटत होता.

मी म्हणालो, "बाबा, त्याला दुसरे कोणी मारत नाही. तुम्ही मारता आहात."

त्यांनी ताट ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्या पत्नीला हाक मारली. "सूनबाय, मला दूध नको गो. पेजच वाढ."

"मामंजी, दूध त्याचं बंद केलंय. तुमचं नाही."

"ठावं हाय. पण तो समोर बसून बघतो. मला घास गिळवत नाय."

तिने माझ्याकडे पाहिले. मी जेवत राहिलो.

पंधरवड्यात कुत्र्याचे पोट ठिकाणावर आले. अंगावर थोडे मांस चढले. तो आणखी दोन पावसाळे जगला आणि पडवीतच झोपेत गेला. त्या दोन वर्षांत वडिलांनी दुधाला हात लावला नाही. त्यांचे मनगट बारीक होत गेले, ते मला दिसत होते. कुत्र्यानंतर पत्नीने पुन्हा दूधभात वाढला. ते म्हणाले, "आता सवय मोडली."

दुधाचा रतीब मी लावला होता. मारण्याचा आरोप मात्र त्यांच्यावर केला. ते वाक्य मागे घ्यायला दोन वर्षे हातात होती. कुत्रा सुधारला आहे, तेव्हा आता बोलण्यासारखे काही उरले नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो.