कोऱ्या लेबलाची प्लेट

मुकुंद गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. नवव्या दिवशी दारात शोकसभेचा कागद येऊन पडला. त्यावर त्याचा फोटो होता आणि खाली वक्त्यांच्या यादीत माझं नाव, मला न विचारता छापलेलं. मी गाण्यावर लिहिणारा माणूस, त्यात त्याचा तरुणपणचा मित्र, म्हणजे चार शब्द बोलणारच, असं त्याच्या माजी विद्यार्थ्यांनी गृहीत धरलं होतं. सभेत माझ्याआधी एक निवृत्त मुख्याध्यापक बोलले. म्हणाले, "सर गणितात इतके बुडालेले असायचे, की गाण्याबजावण्याचा नाद त्यांना आयुष्यात कधी शिवला नाही." लोकांनी माना डोलावल्या. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो, त्याच्या फोटोकडे पाहिलं, आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या असं म्हणालो आणि खाली बसलो. भित्रेपणा माझा जुनाच आहे. त्या दिवशी जे बोललो नाही ते आता लिहितो आहे...

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची असे. दुपारची नमाज आटोपून युसुफ घरी आला की मी आणि मुकुंद जालन्यात त्याच्या माडीवर जायचो. युसुफ घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या खोलीत एक चावीचा फोनो होता, मोठ्या भोंग्याचा, त्याच्या मामाकडून आलेला. आमचं वय विशी-बाविशीचं. दर शुक्रवारी प्रत्येकाने हल्ली आपण काय ऐकतो आहोत ते आणायचं, लावायचं आणि इतरांच्या शिव्या खायच्या, असा शिरस्ता होता. मी नेहमी खानदानी ख्याल न्यायचो आणि वर व्याख्यान द्यायचो. मुकुंद डोळे मिटून ऐकायचा आणि शेवटी एवढंच म्हणायचा, "दुसरी बाजू लाव की."

मग चहा व्हायचा, युसुफ खिडकी लावून घ्यायचा आणि दुसरी फेरी सुरू व्हायची. ही लाजेची फेरी. आपल्याला आवडतं हे बाहेर कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशी एकेक प्लेट, म्हणजे गाण्याची तबकडी, प्रत्येकाकडे होती. त्या प्लेटच्या लेबलावर युसुफ कोऱ्या कागदाची गोल चकती कणकेच्या खळीनं चिकटवून द्यायचा. घड्याळजीचा हात, चकती तसूभर इकडे-तिकडे व्हायची नाही. जिन्यात कुणी भेटलं, हातातली प्लेट पाहिली, तरी नाव वाचता येऊ नये म्हणून ही तजवीज. "यहाँ का यहीं रखो, बाहर नक्को बोलो," एवढा एकच कायदा त्या खोलीत होता. युसुफची लाजेची प्लेट म्हणजे एक मराठी भजन. त्याचे अर्धे शब्द त्याला कळायचे नाहीत, पण ते लागलं की तो हातातलं घड्याळ खाली ठेवायचा. मुकुंदची म्हणजे कोठ्यावर गाणाऱ्या एका बाईचा दादरा. माझी कोणती होती हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मुकुंदला त्या दादऱ्याची लाज का, हे समजायला त्याचे वडील माहीत असायला हवेत. बुवा घरचे शेतकरी. पण त्यांचं कीर्तन म्हटलं की अंबड तालुक्यात बैलगाड्या जुंपून लोक यायचे. माणूस करडा. तमाशाची ढोलकी नुसती कानावर आली तरी घरी येऊन अंघोळ करणारा. बुवांच्या चिपळ्या आज ना उद्या आपल्या हातात येतील, एवढ्या एका आशेवर मुकुंद जगत होता. शाळा सोडली, दोन सोयरिकी लांबणीवर टाकल्या आणि पहाटे नदीवर उभं राहून गळा घासला. शुक्रवारची ती दोन-तीन तासांची चैन सोडली तर त्याच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं.

शहागडच्या अलीकडे गोदाकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं राहतात. त्या गावचं रामजन्माचं कीर्तन वर्षानुवर्षं बुवांकडे होतं. एका साली त्यांचा आवाज बसला आणि त्यांनी मुकुंदला उभं केलं. आदल्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्या निभावलं तर चिपळ्या तुझ्या. मी पुन्हा मागणार न्हाई." मी जालन्याहून मुद्दाम गेलो होतो. मंडपात पुढेच बसलो. मुकुंद सुरुवातीला अडखळला, मग सुधारला, आणि मध्यान्हीला जन्म झाला, गुलाल उधळला, तेव्हा त्यानं पाळणा धरला. शब्द त्याचे स्वतःचे होते, साधे, रामाला झोप म्हणणारे. चाल मात्र मी दुसऱ्याच ओळीला ओळखली. तोच दादरा होता. थोडा संथ केलेला, ठुमका काढून टाकलेला, पण हरकती सगळ्या त्या बाईच्या.

असा पाळणा मी पुन्हा ऐकला नाही. बाया दोरी ओढायच्या थांबल्या होत्या. एका म्हातारीनं पुन्हा म्हण म्हणून सांगितलं, त्यानं म्हटला, मग तिसऱ्यांदा सगळा मंडपच त्याच्याबरोबर म्हणायला लागला. बुवा खांबाला टेकून बसले होते, उपरण्यानं डोळे पुसत होते. आणि मला, खरं सांगायचं तर, पोटात दुखत होतं. ज्या पोराला मी वर्षभर गाणं समजावून सांगत होतो त्याच्या पायावर लोक डोकं ठेवत होते आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

पंगतीला मी बुवांच्या शेजारी बसलो. मुकुंद भात वाढत होता. बुवा त्याला म्हणाले, "चाल कोणाची रं ही? म्या तर कधी शिकवली न्हाई." 

मुकुंद खाली मान घालून म्हणाला, "सुचली, दादा."

एवढ्यावर ते संपलं असतं. मी हसत म्हणालो, "सुचली कसली, बुवा? दर शुक्रवारी ऐकतोय की तो. कोठ्यावरच्या बाईचा दादरा हाय तो." मला वाटलं होतं, सगळे हसतील, आणि हे ओळखणारा कोण म्हणून माझ्याकडे पाहतील. पाहिलं मात्र. पंगतीत एकाचाही घास पुढे गेला नाही.

बुवांनी आवाज चढवला नाही. "खरं हाय का हे?" एवढंच विचारलं. मुकुंदला नाही म्हणता आलं असतं, माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं? तो म्हणाला, "हाय." बुवांनी पानातलं सगळं संपवलं, चूळ भरली, मुकुंदकडून चिपळ्या मागून घेतल्या आणि स्वतःच्या पिशवीत टाकल्या. त्या पुढे त्यांच्या पुतण्याला मिळाल्या. त्याचं कीर्तन मी एकदा ऐकलंय, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. संध्याकाळपर्यंत त्या गावानं पाळणा नदीवर नेऊन घासूनपुसून धुतला. दुपारी ज्या माणसांनी तीनतीनदा तोच पाळणा ऐकला, डोळ्यांतून पाणी काढलं, तीच आता म्हणत होती की आम्हाला सुरुवातीपासूनच काहीतरी खटकत होतं. देवाच्या नावानं रडलेलं पाणीसुद्धा परत घेणारी माणसं मी त्या दिवशी पाहिली, आणि त्यांच्यात पहिला मी होतो.

परतताना आम्ही एकाच गाडीत होतो. गोदाकाठ मागे पडला, अंबड मागे पडलं. जालन्याच्या वेशीशी उतरताना म्हणाला, "मीच सांगणार व्हतो दादाला. दोन-चार वर्षांनी... जरा नाव झाल्यावर. त्यांनी ऐकलं असतं." मग गाठोडं उचललं आणि चालू लागला. पुढच्या शुक्रवारी मी निर्लज्जासारखा युसुफच्या माडीवर गेलो. मुकुंद आलेला नव्हता. युसुफला सगळं कळलं होतं. त्यानं फोनोवर कापड टाकलं आणि म्हणाला, "तुम्हारे सामने अब ये बाजा नहीं बजता, मियां." माझी प्लेट तिथेच कपाटात होती, ती मागायचीही हिंमत झाली नाही. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत युसुफ बायकामुलांना घेऊन हैद्राबादेला गेला तो कायमचा. निघताना मागे राहिलेल्या प्लेटा त्यानं मुकुंदच्या घरी टाकल्या, हे मला फार नंतर समजलं.

मुकुंद सोडलेली शाळा पुरी करून मास्तर झाला. सगळं आयुष्य धावड्यापासून जालन्यापर्यंत बदल्या घेत त्यानं गणित शिकवलं. प्रार्थनेला पोरं गात तेव्हा तो हात जोडून, तोंड मिटून उभा राही, असं त्याचे विद्यार्थी कौतुकानं सांगतात, शिस्त म्हणून. मी मात्र त्याच काळात गाण्यावर लिहू लागलो, उथळ गाण्यांवर आसूड ओढू लागलो, वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत माझं नाव झालं. रस्त्यात भेटला की तो विचारायचा, "बरे आहात ना?" ज्यानं मला कधी अरेतुरेशिवाय हाक मारली नव्हती, तो. त्यानं एकदा माझी गचांडी धरली असती, चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो. पण मला सोडवायला तो बांधील नव्हता... आणि मीही कधी त्याच्या दारात जाऊन माफी मागितली नाही.

शोकसभेनंतर चार दिवसांनी त्याची मुलगी शैला माझ्याकडे आली. हातात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. "बाबांनी हे तुम्हाला द्यायला सांगितलंय, काका. वरचा कागद काढायचा न्हाई म्हणाले होते. आम्ही न्हाई काढला."

फडक्यात एकच प्लेट होती. लेबलावर युसुफची कोरी चकती, पिवळी पडलेली, पण एक कडही सुटलेली नाही. काठाला टवका होता, तो माझ्या हातून जिन्यात पडून उडालेला.

"आणखी एखादी होती का गं?" मी विचारलं.

"न्हाई. एवढीच जपून ठेवली होती. काय आहे हो यात? घरात कधी कुणाला सांगितलं न्हाई त्यांनी."

मी तिलाही सांगितलं नाही. चहा दिला आणि वाटेला लावलं. सासू-सुनेच्या भांडणाची गमतीची प्लेट आहे ती. एक पुरुष दोन्ही बायकांचे आवाज काढून गातो, मधे लाटणं आपटल्याचा आवाज येतो आणि शेवटी कोंबडा आरवतो. ती ऐकून मी युसुफच्या सतरंजीवर गडबडा लोळायचो आणि मुकुंद माझ्याकडे बघून हसायचा. एवढंच माझं गुपित. ते कुणाला कळलं असतं तर चार लोक हसले असते, फार तर. तेवढंही त्यानं होऊ दिलं नाही. माझे आसूड ओढणारे लेख त्यानं वाचलेच असतील. त्याचं एक वाक्य मला पुरतं उघडं पाडू शकलं असतं, आणि ते त्यानं मरेपर्यंत उच्चारलं नाही. मला त्याचं गुपित एक जेवण होईस्तोवर सांभाळता आलं नव्हतं.

प्लेट आता माझ्या टेबलावर आहे. ती वाजवायला घरात काही नाही. काल तिला ओलं फडकं लावलं, खळ भिजू दिली आणि चकती सोलून काढली. नाव अजून स्पष्ट वाचता येतं.