घर बंद, पालक बेपत्ता

‘घर बंद. पालक मुलीसह बेपत्ता.’ फायलीतला शेरा वाचून अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, गुरुवारी मुलगी हजर झाली नाही, तर सापडेल तिथून तिला बालगृहात पाठवू.’

त्या दिवशी शुक्रवार होता. मी परिवीक्षा अधिकारी, म्हणजे बालकल्याण समितीसाठी घरचौकशी करून अहवाल देणारी. समिती म्हणजे निराधार मुलांचं कोर्टच. पाच वर्षांच्या सुमीला समितीनं बेल्ह्याजवळच्या भिवा आणि हौसाबाई या मेंढपाळ जोडप्याकडे संगोपनासाठी दिलं होतं. हे दत्तक नव्हे. मूल घरात वाढतं आणि समिती तारखा देऊन विचारपूस करते. या घराच्या तीन नोटिसा परत आल्या होत्या.

चूक माझीच. घरचौकशी मी भर श्रावणात केली. चूल पेटलेली, दारात कोंबड्या. ‘कुटुंब स्थिर’ असं दिलं ठोकून! दिवाळीनंतर ही माणसं मेंढरं घेऊन निघतात ती पाऊस लागल्यावर परततात, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

सोमवारी बेल्ह्याचा बाजार गाठला. एका मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला विचारलं.

‘भिवा व्हय? त्याची मेंढरं वारूळवाडीला एकाच्या शेतात बसल्यात, लेंडीखतासाठी. त्याला बेपत्ता कुणी केला वो?’

‘आम्हीच,’ मी म्हणाले.

वारूळवाडी! माझ्या नारायणगावच्या खोलीपासून चालत वीस मिनिटं. स्वतःचाच लई राग आला.

शेतात पोचले तेव्हा सुमी एका कोकराला पकडायला धावत होती. सगळं ऐकून हौसाबाईचा चेहरा उतरला. ‘पोरगी काढून घेत्यात का काय? आमी पळालो न्हाई मॅडम, चाऱ्यामागं आलो.’

गुरुवारी भिवा मेंढरं भावावर सोपवून, धुतलेलं मुंडासं बांधून हजर झाला. अध्यक्षबाईंनी हौसाबाईच्या मांडीवरच्या सुमीला विचारलं, ‘बाळ, तुझं घर कुठं आहे?’

सुमी भिवाला दादा म्हणायची. त्याच्याकडे बोट करून म्हणाली, ‘आज वारूळवाडीला. उद्या दादा म्हणंल तिकडं.’

अध्यक्षबाई खळखळून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, ‘आणि शाळा?’

‘जूनला घालायची,’ हौसाबाई म्हणाली. ‘मग मी तिच्यासंगं घरीच ऱ्हाणार. मेंढरामागं ह्ये जात्याल.’

भिवानं नुसती मान डोलावली. आयुष्यभर जोडीनं चाललेली वाट एकट्यानं चालायचं ठरवायला त्याला एवढाच वेळ लागला.

आदेश झाला: मुलगी याच घरी राहील, तारखा पाऊस लागल्यावरच पडतील आणि तोवर निरोप बेल्ह्याच्या बाजारात द्यावा.

‘बाजाराचंसुद्धा टाइप करू?’ क्लार्कनं विचारलं.

‘आधी तेच करा.’

मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन सगळ्यांना चहा पाजला. हौसाबाईनं तर मलाच मिठी मारली.

घरचौकशीच्या छापील फॉर्मात ‘कायमचा पत्ता’ असा एकच रकाना होता. त्याखाली मी पेनानं लिहायला लागले, ‘आणि उन्हाळ्यात?’ पुढच्या छपाईत समितीनं तो प्रश्न छापूनच घेतला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत सरकारी कागदावर माझे एवढे दोनच शब्द टिकले, पण कामाचे निघाले.