इनास मिस्त्रींचा रूळ

गुड फ्रायडेच्या दुपारी शाळेला सुट्टी होती आणि मी ओसरीवर जुनं वर्तमानपत्र चाळत पडलो होतो. अंगणात रेजिनाबाई येऊन उभ्या राहिल्या. इनास मिस्त्रींच्या या पत्नी. सालेकशात इतकी वर्षं काढली, पण रेल्वेचे रूळ ओलांडून त्या कधी एकट्या गावात आल्या नव्हत्या. कुठंही जायचं तर पुढं मिस्त्री आणि चार पावलं मागं या, असा रिवाज. त्यामुळं त्यांना एकटीला पाहूनच मी उठून बसलो. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "गुरुजी, ते गेले. आज घंटा वाजवता येत नाही ना... म्हणून मीच सांगायला आले."

ऐकून वाईट वाटलं, फार वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्याही आधी माझ्या मनात आलं, की या गृहस्थानं शेवटी आम्हा सगळ्या गावाला चकवलंच. वर्षात असा एकच दिवस होता, की ज्या दिवशी मिस्त्री गेले तरी कुणाला संशय येणार नव्हता, आणि नेमका तोच त्यांनी निवडला. माझं हे म्हणणं वाचकांना कळायचं तर मला थोडं मागं जायला हवं.

मिस्त्री मूळचे वसईकडचे. इकडच्या जंगलातून रेल्वेची लाईन पडत होती, तेव्हा मिसरूड फुटायच्या वयात बापाबरोबर गवंडीकामाला आले आणि इथलेच झाले. गोंदियापासून पुढं डोंगरातल्या बोगद्यापर्यंत किती पुलांना त्यांचा हात लागला होता कोण जाणे. गाडीत शेजारी बसले की रुळाखालच्या प्रत्येक मोरीपाशी खिडकीतून डोकं काढून ते तिची विचारपूस करत. पेन्शनीत निघाल्यावर रेजिनाबाईंनी वसईला परतायचा धोशा लावला. मिस्त्री म्हणायचे, यंदाचा पावसाळा जाऊ दे. असे वीसेक पावसाळे गेले. खरं कारण वेगळंच होतं. सालेकशाच्या नाल्यावरचा पूल त्यांनी स्वतः मिस्त्री म्हणून उभा केलेला पहिला पूल, आणि त्याला एकटं टाकून जायला त्यांचं मन घेईना. त्या पुलाजवळच त्यांनी घर बांधलं. घरातली सगळ्यांत मोठी खोली देवाला दिली आणि माणसं उरलेल्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं राहिली.

त्या घरातली संध्याकाळची प्रार्थना मी पुष्कळदा ओसरीवर बसून ऐकली आहे. मी हिंदू मास्तर, मला आत बसायची सक्ती नव्हती, पण जपमाळ संपल्याशिवाय चहा मिळत नसे, तेव्हा मुकाट्यानं थांबावं लागे. दोन मुलगे, सुना, नातवंडं, एखादा पाहुणा म्हणून आलेला गार्ड, सगळे गुडघ्यांवर. मुलगे नोकरीवरून सुट्टीला आले, की त्यांनाही यातून सूट नसे. रूळ घराला अगदी लागून. प्रार्थना चालू असताना गाडी आली, की मिस्त्री हात वर करत आणि सगळं घर तोंडातल्या शब्दावर थांबे. शेवटचा डबा गेला की हात खाली, आणि अर्ध्या राहिलेल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात. पॅसेंजर गेली तर ठीक, पण लांबलचक मालगाडी आली की भुकेल्या नातवंडांचे चेहरे पाहवत नसत. मिस्त्री मात्र डोळे मिटून शांत. मी एकदा म्हटलं, मिस्त्री, गाडीच्या आवाजातही देवाला ऐकू जात असेल. तर म्हणाले, त्याला जातं हो, पण मला नाही ना जात, आणि कोण चुकतोय ते मला कसं कळणार?

चुका धरण्याची त्यांना मोठी हौस. शुक्रवारी घरात मटण वर्ज्य, पण मासे चालत. ढिवराकडून त्या दिवशी टोपलीभर मासे यायचे. जीव तोच, मग पाण्यातल्याला सूट का, असा वाद मी घालत असे आणि ते तासन्‌तास मला पटवून देत असत. पटलं मला कधीच नाही. मासे मात्र दर शुक्रवारी खाल्ले. असा मित्र आता मला कुठून मिळणार...

आता त्या रुळाविषयी. जवळपास देऊळ म्हणावं असं त्यांचं काही नव्हतं. गोंदियाहून फादर येत ते दोन-चार महिन्यांतून एकदा. मग मिस्त्रींनी काय केलं, तर टाकाऊ रुळाचा एक हातभर तुकडा अंगणातल्या मोहाच्या फांदीला साखळीनं टांगला आणि रुळाच्या मोठ्या खिळ्यानं तो ठोकायला लागले. सकाळी, भर दुपारी आणि सांजेला, तिन्ही वेळच्या प्रार्थनेसाठी. तीन, थांबून तीन, थांबून तीन, आणि मग सलग नऊ. त्या ठोक्यांत कधी उणंअधिक झालं नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते खिळ्याला हातही लावू देत नसत. रेजिनाबाईंनी एकदा वाजवला, तर म्हणाले, तुझ्या हातात ताल नाही. बाईंनी त्यानंतर त्या झाडाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

वाजवणारा देवासाठी वाजवी, पण ऐकणारा गाव आपल्या सोयीनं ऐके. पहिल्या ठोक्याला गुरं सुटत, सांजेच्या ठोक्याला चुली पेटत. आणि भर दुपारच्या ठोक्याला तलावाच्या कामावरच्या बाया टोपल्या खाली ठेवून शिदोरी सोडत. आमच्याकडे उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून काठाची पाळ बांधायचं काम चाले. त्या बायांची म्होरकी झनकाबाई. उंच, हडकुळी, आणि तोंड असं, की गावच्या जमीनदाराचे, म्हणजे मालगुजाराचे, दिवाणजीही तिच्यापासून दोन हात दूर उभे राहून बोलत. दिवाणजींना दुपारची सुट्टी द्यायला नेहमीच जड जायचं, पण मिस्त्रींचा रूळ वाजला की त्यांचा इलाज चालत नसे.

असं सुरू होऊन काही महिने झाले आणि पवित्र आठवडा आला. त्यांच्या धर्मात ख्रिस्ताच्या मरणाच्या शुक्रवारी, थेट शनिवार सकाळपर्यंत, घंटा मुकी ठेवतात. मिस्त्रींनी ती ठेवली. पण गावाला हे कुणी सांगायचं? शुक्रवारी दुपार झाली, सूर्य डोक्यावर आला, कलायला लागला, तरी रूळ वाजेना. बाया थांबायला लागल्या तर दिवाणजी म्हणाले, घंटा कुठं वाजली, करा काम. अखेर झनकाबाईनं टोपली आपटली आणि मिस्त्री मेला, दुसरं काही कारण नाही, असं जाहीर केलं. सगळं काम तसंच टाकून पंचवीस-तीस माणसं कुदळी, फावडी खांद्यावर घेऊन मिस्त्रींच्या घराकडे निघाली. मी वाटेत भेटलो, मलाही घेतलं.

दारातून आत पाहिलं तर देवाच्या तसबिरी काळ्या कपड्यानं झाकलेल्या, घरातल्या बाया डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. आता शंकेला जागाच नव्हती. झनकाबाईनं उंबऱ्यावर बसकण मारून मोठ्यानं गळा काढला. त्यासरशी आतून स्वतः मिस्त्री गुडघे चोळत बाहेर आले. समोर सगळा गाव, खांद्यांवर कुदळी. त्यांनी एकदा त्या कुदळींकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कोन मेला?" त्यांनी विचारलं.

"तूच तं मेलास ना जी," झनकाबाई रडणं मध्येच थांबवून म्हणाली. "नाही तं घंटा काऊन नाही वाजवलीस?"

मिस्त्रींनी मग तिला समजावलं, की आज आमचा देव मेला, त्याच्या दुखवट्यात घंटा वाजत नाही. झनकाबाईनं डोळे पुसले. क्षणभर विचार केला आणि चिडून म्हणाली, "देव मेला अन् आमाले सांगतलं नाही? आमी तशेच आलो असतो."

मिस्त्रींनी सगळ्यांना अंगणात बसायला सांगितलं. ज्या घरात त्या दिवशी सगळ्यांचा कडक उपास होता, त्या घरात रेजिनाबाईंनी मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि अख्ख्या टोळीला भात वाढला. मिस्त्री पाणी वाढत फिरत होते. देव परवा पुन्हा उठणार आहे हेही त्यांनी सांगितलं, तर झनकाबाई म्हणाली, मग परवाही येऊ.

तेव्हापासून दर वर्षी त्या आठवड्यातल्या गुरुवारी मिस्त्री गावात घरोघर फिरून सांगत, "उद्या घंटा मुकी राहीन, मी जिता हाव." हे त्यांनी एकदाही चुकवलं नाही. गावही सरावला. शुक्रवारी रूळ वाजला नाही तर कुणी मान वर करून पाहत नसे.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या खांद्यानं दगा द्यायला सुरुवात केली. खिळा दोन हातांनी धरून वाजवत. मुलगे रेल्वेतच, पण बायकापोरांसह एक इकडच्या टोकाला आणि एक तिकडच्या. कुणी इथं येऊन राहण्यातलं नव्हतं. एका संध्याकाळी चहा निवत ठेवून त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, माझ्यामागं हे कोण वाजवणार?" मी थट्टेवारी नेत म्हटलं, तुम्हीच वाजवाल वरून. ते हसले नाहीत. हा माणूस मरणाला भीत नव्हता, त्याची सगळी तयारी कधीच झाली होती. पण आपण गेल्यावर भर दुपारी गाव गप्प राहील, ही गोष्ट त्यांना मनापासून लागून राहिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी झनकाबाईला माझ्यादेखत विचारलं. ती आता म्हातारी झाली आहे, पण तोंड तेच.

"मी?" ती म्हणाली. "तुया देव मले ओळखते का?"

"ओळखते तं," मिस्त्री म्हणाले. "रोज दुपारी शिदोरी सोडतानी पाहते तो तुले."

तिनं मान उडवली आणि चालू लागली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहून सुस्कारा टाकला. मग वर्तमानपत्रातली बातमी काढून विचारू लागले, ते तुमचं स्वराज्य आलं तर ठोके किती द्यायचे? आमच्यात तशी पद्धत ठरलेली नाही, असंही म्हणाले. तो प्रश्न तसाच राहिला.

तर त्या शुक्रवारी मी रेजिनाबाईंना घरी पोचवलं आणि मिस्त्रींचं गुरुवारचं काम मी केलं. घरोघर गेलो. लोक दारातूनच म्हणत, हो जी, माहीत आहे, काल मिस्त्री सांगून गेले ना, आज मुकी आहे म्हणून. प्रत्येक दारी मला सांगावं लागलं, की या वेळी तसं नाही... झनकाबाई ऐकून उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "मागं आमी धावत आलो तं हा जिता. आता खरंच मेला तं आमाले घरी बसवलं."

मुलगे शनिवारच्या गाडीनं पोचायचे होते आणि फादरही गोंदियाची उपासना आटोपून दुपारी येणार होते. त्यामुळं दफन शनिवारी ठरलं. सकाळीच तलावावरची माणसं आली. त्याच कुदळी, तीच फावडी, काही खांदेही तेच. पुलाच्या अंगाला, मिस्त्रींनी सांगून ठेवलेल्या जागी ती खणू लागली. झनकाबाई टोपलीनं माती बाजूला टाकत होती. शनिवारची ही सकाळ म्हणजे दुखवटा संपून घंटा पुन्हा सुरू होण्याची वेळ. दर वर्षी मिस्त्री त्या वेळी इतका रूळ बडवत, की कान किटत. रेजिनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि इतक्या वर्षांनी त्यांनी त्या मोहाच्या झाडाकडे पाहिलं.

झनकाबाईनं टोपली खाली ठेवली. हात लुगड्याला पुसले, फांदीच्या बेचक्यातला खिळा काढला आणि विचारलं, "किती मारू, बाई?"

"आज मोजायचं नसतं," रेजिनाबाई म्हणाल्या. "आज हात थकेपर्यंत."

झनकाबाईचा हात काही लवकर थकणारा नव्हता. खणणारी माणसं कुदळी टेकून उभी राहिली. मी रडत होतो, आणि कुणी विचारलं असतं तर आनंदानं रडतोय असंच सांगितलं असतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. झनकाबाई तलावावरून येते आणि भर दुपारी रूळ वाजवते. सकाळ-सांजेचं तिनं घेतलं नाही. सकाळी गुरं आणि सांजेला चूल, मले सवड नाही, असं तिनं देवाच्या खोलीकडे तोंड करून सांगून टाकलं. दुपारचंही ती आपल्या मनानं वाजवते. कधी चार, कधी दोन, आणि शेवटचे नऊ तर एकदाही नऊ झालेले नाहीत. काल मी रेजिनाबाईंना म्हटलं, तिला एकदा नीट शिकवून का टाकत नाही? आतून येऊन त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. मिस्त्रींची जपमाळ त्यांच्या हातात होती.

"राहू द्या, गुरुजी," त्या म्हणाल्या. "ठोका चुकला की वाटतं, आता हे आतून ओरडतील. रोज दुपारी मी त्यासाठीच कान देऊन बसते."