चढाला वाजणारी लॉरी

देवाच्या कृपेने झालं, असं कुणी म्हटलं की त्या काळी माझ्या कपाळाला आठी पडत असे. आमची सुमन मुदतीच्या तापातून उठली, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. हकीमसाहेबांचं औषध वेळेवर पोटात गेलं होतं, पाणी उकळून दिलं होतं, उशाशी मी आणि मंडळी, म्हणजे सुमनची आई, आळीपाळीने बसलो होतो. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. त्यात माळेगावच्या खंडोबाने नेमकं काय केलं, हे मला कुठे दिसत नव्हतं. पण मंडळींनी नवस बोलला होता की पोर उठली की तिला जत्रेत देवाच्या पायावर घालीन. मी म्हटलं, जाऊ. कबूल केलेलं पुरं करायचं, एवढं मला कळत होतं. मंदिरात उभं राहून देवाशी काय बोलायचं, ते मात्र माझ्यापाशी काही नव्हतं, आणि ते मला आतून बोचत होतं.

लातूरला एका जिनिंग कारखान्यात मी मुनीम होतो. शेठजींनी त्याच हंगामात हैदराबादहून नवी लॉरी आणली होती. रंगाचा वास अजून गेलेला नव्हता. जत्रेपुरती ती त्यांनी माझ्या जबाबदारीवर दिली, आणि बातमी फुटल्यावर आमची सगळी गल्लीच यायला निघाली. बायका, लेकरं, धपाट्यांची गाठोडी, देवाला वाहायची खोबऱ्याची वाटी नि भंडारा. मागचा हौदा भरून गेला. चालवायला कारखान्याचे ड्रायव्हर करीमभाई होते. राहायला मशिदीमागे, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यांचा हात इतका हलका होता की वळणावर मांडीवरचं लेकरू जागं होत नसे.

आदल्या दिवशी बायकांनी लॉरीची पूजा केली. करीमभाईंनी बॉनेट उघडून दिलं, बायकांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी त्या वेळी कारखान्यात होतो. सकाळी निघालो तेव्हा गाडी लोण्यासारखी चालली. गावाबाहेरचा पहिला चढ लागला, करीमभाईंनी रेस दिली, आणि पुढून कुठून तरी आवाज सुरू झाला: खट, आणि मग दात वाजावेत तशी खडखड. चढ संपला, पाय सैल झाला, की आवाज बंद.

मी करीमभाईंच्या शेजारीच बसलो होतो. म्हणालो, "हे काय वाजतंय?"

"नवी गाडी हाय मुनीमजी. नव्या नवरीचे पैंजण वाजतात, म्हनून काय तिला माहेरी धाडता?"

हसलो, पण कान तिकडेच राहिले. माझा स्वभावच तसा आहे. ज्याचं कारण कळत नाही, ते मला शिल्लक ठेववत नाही. मी त्यांना उतारावर गाडी नुसती सोडून द्यायला सांगितली. आवाज नाही. सपाटीवर थांबून, गिअर न टाकता, जोरात रेस द्यायला सांगितली. इंजिन गरजलं, पण खडखड नाही. पुन्हा गिअर टाकून ओढायला लावलं, की हजर. म्हणजे इंजिन नुसतं फिरताना ठीक आणि गाडी नुसती पळताना ठीक; इंजिनाला ओझं ओढावं लागलं की वाजतं. मी म्हटलं, खोट इंजिनाच्या मागे आहे. गिअरपेटी, नाहीतर मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा. करीमभाईंनाही ते पटलं. पण ते म्हणाले, "दांड्याचे बोल्ट ढिले असतील. माळेगावला पोचू, तिथं निवांत कसू."

अहमदपूर मागे पडलं. पुढे रस्ता डोंगराच्या कडेने वळत वळत खाली उतरणार होता, आणि एका हाताला ओढ्याची खोल घळ होती. माथ्यावर चिंचेचं झाड दिसलं, तशी मी गाडी उभी करायला लावली. कारण विचाराल तर मला त्या वेळी सांगता आलं नसतं. हिशेबाने पाहिलं तर उतारावर तो आवाज येणारच नव्हता. उतार म्हणजे सगळ्यात निर्धास्त रस्ता. तरी मनाने घेतलं की हा आवाज घेऊन मी खाली उतरणार नाही.

मागे कुरकुर सुरू झाली. आमच्या शेजारचे दामूअण्णा हौद्यातून वाकून ओरडले, "मुनीमजी, आवाजाचा बी हिशोब मांडून राहिले का? देव पालखीत बसून जाईल, आन् आपन चिचा खात बसू!"

"चिंचा खा अण्णा, चांगल्या असतात पोटाला," मी म्हटलं. "पण खाली उतरून खा."

ते उतरले. सगळेच उतरले. चाकांना दगड लावले आणि करीमभाई पाना घेऊन गाडीखाली शिरले. मागचा दांडा त्यांनी बोल्टबोल्ट तपासला. एकही ढिला नव्हता. मी म्हटलं, खाली आहातच तर पुढेही बघून घ्या. पाठीवर सरकत ते पुढच्या चाकांकडे गेले. आणि तिथेच थांबले. मी वाकलो.

"मुनीमजी," ते अगदी हळू म्हणाले, "बायकांना सांगू नका. पण हितं या."

मी तसाच धोतर सावरून खाली शिरलो. स्टेअरिंगचा दांडा जिथे चाकाला जोडतो, तिथला नट आट्यांच्या अगदी टोकाला येऊन लटकला होता. नट फिरू नये म्हणून त्यातून जी आडवी पिन घालतात, ती तिथे नव्हतीच. करीमभाईंनी नटाला बोट लावलं. तो बोटाने फिरला. पुढच्या एखाद्या हिसक्याला दांडा निखळला असता, आणि करीमभाईंच्या हातातलं चाक नुसतं गरगरत राहिलं असतं. तेही त्या उतारावर. ती पिन कुणाच्या हातून राहिली, हे मला आजही माहीत नाही, आणि मी कधी शोधलंही नाही.

माझ्या नजरेसमोर त्या क्षणी फक्त सुमन होती. चिंचेखाली बसून ती धपाट्याचा तुकडा खात होती. आजारानंतर कापलेले केस नुकते कानापर्यंत आले होते.

नट घट्ट पिळला. पिन मात्र कुणापाशी असणार? मी मंडळींकडे गेलो आणि म्हटलं, "तुझ्या अंबाड्याचा आकडा दे."

"आता काय माझा अंबाडा सोडता भर रस्त्यात?" त्या म्हणाल्या. पण माझा चेहरा पाहून आकडा काढून दिला. जाड लोखंडी आकडा होता. करीमभाईंनी तो भोकातून घालून दोन्ही टोकं वाकवली. माळेगावपर्यंत आणि तिथून परत लातूरपर्यंत तो तसाच राहिला.

मला वाटलं, सापडलं. आवाज याचाच. करीमभाईंनीही तसंच मानलं. पण खात्री करावी म्हणून चाकांचे दगड तसेच ठेवून, ब्रेक ओढून, त्यांनी गिअर टाकला आणि क्लच जरासा सोडला. इंजिन ओढायला लागलं, आणि पुन्हा खट. मग तीच खडखड.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या नटाचा आणि आवाजाचा काही संबंध नव्हता!

मग बॉनेट उघडलं. करीमभाई वर बसून क्लच सोडत आणि मी इंजिनाकडे पाहत उभा. तेव्हा माझा सकाळचा हिशेब कुठे चुकला ते कळलं. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं. ओझं आलं की ते सगळंच्या सगळं एका अंगाला कलतं. ओझं नसताना कलत नाही. ते कललं की खालच्या बाजूला, डायनमोच्या मागे, काहीतरी कशावर तरी आपटत होतं. मी हात घातला. इंजिनाच्या अंगाला तांबड्या दोऱ्याने बांधलेली भंडाऱ्याची पुरचुंडी आणि देवाचं नाव कोरलेली तांब्याची पट्टी. आणि तिच्या बरोबर समोर, चौकटीला तारेने आवळलेली, हिरव्या फडक्यातली घोड्याची नाल.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

मंडळी पुढे आल्या. त्यांनी पट्टी ओळखली आणि पदर तोंडाला लावला. पूजेच्या वेळी त्यांनी ती बांधली होती. मी हसेन म्हणून मला सांगितलं नाही, आणि करीमभाईंना काय वाटेल म्हणून त्यांनाही नाही. करीमभाई खाली उतरले, आणि नाल पाहून त्यांचेही कान लाल झाले. मोहरमच्या सवारीतल्या पंजाला टेकवून आणलेली ती नाल त्यांनी पहाटे निघताना बांधली होती. गाडी शेठजींची, जत्रा खंडोबाची. कुणाला आवडेल न आवडेल, म्हणून दिसणार नाही अशा जागी. त्या दिवसांत गावातली हवा जरा बदलायला लागली होती आणि जो तो दुसऱ्याला जपत होता. दोघांनीही लपवायला नेमकी एकच जागा शोधली होती.

"भाभी, मी माझी काढतो," करीमभाई म्हणाले.

"काढाल तर बघा," मंडळी म्हणाल्या. "एवढ्या लेकरांना घेऊन जाता. राहू द्या ती. मी माझी काढते."

"न्हाई न्हाई, तुमच्या नवसाची गाडी हाय."

दामूअण्णा तोंडात चिंच धरून म्हणाले, "दोघंबी काढू नका. दोन देव भांडले तवा कुठं आपन वाचलो, मुनीमजीनं सांगितलं न्हाई तरी मला दिसलं खाली काय चाललंय ते. आता त्यायला जरा लांब लांब बशिवा."

सगळे हसले. मी नाल सोडून चौकटीच्या दुसऱ्या टोकाला बांधली. गाडी सुरू केली, क्लच सोडला. इंजिन कललं, सावरलं, आणि कुठेही काही वाजलं नाही.

मग आम्ही उतार उतरलो. वळणं आली आणि करीमभाईंनी हलक्या हाताने गाडी वळवली. चाकं प्रत्येक वेळी त्यांच्या हाताप्रमाणे वळली. मागे बायका "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत होत्या. मी घळीकडे पाहत बसलो होतो. इतकी साधी गोष्ट, की चाक फिरवलं आणि गाडी वळली, ती मला त्या दिवशी न मागता मिळालेल्या दानासारखी वाटत होती.

त्यानंतर मी यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या आवाजाचं कारण मी सांगू शकतो, नटाचंही सांगू शकतो. एक तांब्याची पट्टी, एक नाल आणि एक राहून गेलेली पिन. प्रत्येक गोष्टीला तिचं कारण आहे आणि त्यात न समजण्यासारखं काही नाही. पण निरुपद्रवी आवाजासाठी मी गाडी थांबवावी, चुकीचा हिशेब करून चुकीच्या जागी शोधावं, आणि तिथे आमच्या सगळ्यांचं मरण बोटाने फिरण्याइतकं ढिलं होऊन लटकलेलं सापडावं, हे कुणी जुळवलं, ते मला सांगता येत नाही. मी बरोबर हिशेब केला असता तर आधी बॉनेट उघडलं असतं, आवाज काढून टाकला असता, आणि निर्धास्त मनाने त्या उतारावर गेलो असतो.

मी आजही सगळं तपासून घेतो. ते सोडायला देवाने मला कधी सांगितलं, असं मला वाटत नाही. शोधणं माझ्याकडे आहे. काय सापडावं, ते माझ्याकडे नाही. एवढं मान्य केल्यापासून मनाला फार स्वस्थता आली आहे. सुमनच्या तापात आम्ही उशाशी बसलो होतो, ते आमचं काम होतं आणि ते आम्ही नीट केलं. पण आम्हाला तिच्या उशाशी बसवलं कुणी, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

माळेगावला पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. गर्दीत सुमनला खांद्यावर घेऊन मी देवासमोर उभा राहिलो. पुजाऱ्याने भंडारा उधळला. मंडळींनी कोपराने मला हळूच ढोसलं, "अहो, काहीतरी म्हणा ना देवाला."

मी सुमनला खाली उतरवलं आणि पायरीवर डोकं टेकलं. घरून निघताना जे शब्द माझ्यापाशी नव्हते, ते तेव्हाही नव्हते. डोकं मात्र लवकर उचलावंसं वाटेना.