छकुलीच्या चार रेघा

हे अजून एकाही माणसाच्या कानावर गेलेलं नाही. नवरा असता तरी त्याला सांगितलं नसतं, आणि ताईला तर नाहीच नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून सांगवतंय.

ताई माझी मोठी बहीण, सक्करदऱ्याला एकटी राहते. छकुली तिची म्हातारी पामेरियन कुत्री. साखरेच्या आजारानं तिचे दोन्ही डोळे दुधाळ झाले होते. दिसत काही नसे, पण आवाज झाला की ते डोळे बरोबर तुमच्यावर रोखायची. सकाळ-संध्याकाळ, खाणं झाल्यावर, तिला इन्सुलिन द्यायचं — लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये चार रेघा. एका मे महिन्यात ताई दहा दिवस मुलीकडे गेली, तेव्हा छकुलीला माझ्या घरी सोडून गेली आणि चिठ्ठीवर मोठा ४ काढून गेली. मला हसूच आलं. नवऱ्याला मी अकरा वर्षं इन्सुलिनच्या सुया टोचल्या होत्या — ही मला शिकवते?

तिसऱ्या दिवशी सकाळी छकुलीच्या इन्सुलिनची बाटली माझ्या हातून फरशीवर पडली, फुटली. औषधाचं दुकान दहाला उघडणार, आणि दहाच्या उन्हात कोण जातं? फ्रिजच्या दारात नवऱ्याची उरलेली बाटली होती. तो जाऊन दोन महिने झाले होते. बाटलीवर १०० छापलेलं, म्हणजे छकुलीच्या चाळीसच्या औषधापेक्षा अडीचपट कडक. शंभरच्या औषधाला केशरी टोपणाची सिरिंज लागते, लाल सिरिंज चाळीसच्या औषधाची. हे मला ठाऊक नव्हतं का? पक्कं ठाऊक होतं. पण केशरी सिरिंजा मी त्याच्या सामानाबरोबर टाकून दिल्या होत्या. म्हटलं, एक वेळ चालतं, एवढ्याशानं काय होतंय! आणि लाल सिरिंजमध्येच चार रेघा भरल्या. चाराऐवजी दहा युनिट गेले, हा हिशेब मी नंतर केला.

दोन तासांनी छकुली भिंतीला नाक लावून उभी राहिली. मग एकाच जागी गोल फिरू लागली — न थांबता, आवाज न करता. मग पडली आणि पाय झाडू लागली. साखरेचं पाणी हिरड्यांना चोळलं — हो, तेवढं केलं. पण डॉक्टर? फोन हातातच होता. ते पहिल्यांदा विचारणार, कुठलं इन्सुलिन दिलं? म्हणून नाही लावला. लाजेपायी. दुपारी एक वाजता सगळं संपलं. डोळे उघडे होते, माझ्याकडेच.

ताई आली तेव्हा मी रडत होते. ते रडणं खोटं नव्हतं. पण रडता रडताच म्हणाले, "ताई, चिठ्ठीवर तं दहा होतं." चिठ्ठी मी आधीच फाडून टाकली होती.

ती कितीतरी वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. "माह्याच हातानं मारलं वं तिले," एवढंच म्हणाली. मी — मी नाही म्हटलं नाही.

तेव्हापासून ताई गॅस तीन-तीनदा बघते, कुलूप ओढून ओढून पाहते. एकदा भाजी निवडताना सहज म्हणाली, की छकुली अजून घरात फिरते, फक्त तू आलीस की पलंगाखाली जाते. मी हसण्यावारी नेलं. पण आता मी तिथं बसले की फरशीवर नखं वाजतात, पलंगापर्यंत जातात आणि थांबतात. वेड लागलंय का मला? असेलही. वाकून मी कधी बघितलेलं नाही.

गेल्या वर्षी ताईलाही साखर निघाली, इन्सुलिन सुरू झालं. स्वतःच्या हातानं भरायला ती तयारच नाही, त्या हातावर तिचा विश्वास उरलेला नाही. म्हणून रोज सकाळी मी जाते. बारा रेघा. उजेडाला धरून दोनदा बघते, आकडा मोठ्यानं सांगते. ताई पदर बाजूला सारते, डोळे मिटते.

"तू म्हणतं तं बरोबरच असन वं," ती म्हणते, आणि मी सुई टोचते.